सुकेळ्यांच्या मांडवाखालच्या कादंबऱ्या

दिवाळी सरली, सकाळच्या वाऱ्याला जरा धार आली, की माणिकपूरच्या बाजारात सुकेळी येतात. पिकलेली राजेळी केळी सोलायची, आठवडाभर उन्हात वाळवायची आणि केळीच्याच सुकलेल्या पानात बांधायची, की झाली सुकेळी. मधाच्या रंगाची, बोटांना चिकटणारी. दोन-तीन बायका टोपल्या मांडून बसतात. नव्या इमारतींतली माणसं थबकून "ये क्या है?" विचारतात आणि त्या बायका न कंटाळता सांगत राहतात. मी दरवर्षी रस्त्याच्या पलीकडून जाते. मेथी घ्यायची, लिंबं घ्यायची, टोपल्यांकडे बघायचं नाही. यंदा वारा नेमका माझ्या बाजूचा होता. वास नाकात शिरला आणि मी पिशवी धरून रस्त्यातच उभी राहिले. मागून रिक्षावाला ओरडला, "ओ मॅडम, साइडला व्हा ना जरा!" झाले साइडला. पण त्या दिवशी घरी येऊन मेथी निवडता निवडता दुपार कधी टळली ते कळलं नाही.

आमची वाडी आगाशीच्या बाजूला. बाबा प्राथमिक शाळेत मास्तर, अख्खं गाव त्यांना गुरुजी म्हणायचं. शाळा सुटली की गुरुजींचे बागायतदार व्हायचे. कमरेला पंचा, हातात कोयता आणि तोंडात तेच शुद्ध मराठी. केळीसुद्धा ते वर्गात रांगेत उभ्या केल्यासारख्या लावायचे, असं आई म्हणायची. वाडीच्या मधोमध आमचं बावखल होतं. विहिरीहून मोठं, तळ्याहून लहान. पावसाचं पाणी त्यात साठायचं आणि जमिनीत मुरून सगळ्या वाडीला पुरायचं. पाणी गोडं. आमच्याकडे गोडं पाणी म्हणजे खाऱ्याच्या उलट. समुद्र इतका जवळ, की वारा फिरला तर ओठ चाटल्यावर मीठ लागायचं, आणि तरी बावखलातलं पाणी गोडं. लहानपणी त्यात काही विशेष आहे असं वाटलंच नाही.

हंगामात अंगणात बांबूचा मांडव पडायचा. सोललेली केळी त्यावर ओळीने पसरायची. कावळ्यांना हाकलायला मी आणि दादा. दुपारी एक कूस भाजली की दुसरीवर फिरवायची, ऊन उतरलं की टोपलीत भरून झाकायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा पसरायची. आभाळ भरून आलं की घरात सुतक. एवढं जपून करायचं काम आणि एवढं कंटाळवाणं, की बाबांनी त्याला कादंबरीची जोड दिली. शनिवारी अर्धी शाळा, रविवारी सुट्टी, मग नाताळची सुट्टी. या साऱ्या दुपारी बाबा मांडवाच्या सावलीत खुर्ची टाकून गावच्या वाचनालयातल्या जुन्या कादंबऱ्या मोठ्याने वाचायचे. काही मराठी, काही परभाषेतून आलेल्या. पानं पिवळी, वाळवीने काही ठिकाणी आपलं मत नोंदवलेलं.

बाबांची निवड ठरलेली. ज्या कादंबरीत एक सचोटीचा बाप असेल तीच आमच्या अंगणात यायची. कधी तो न्यायाधीश असायचा, कधी पुजारी, कधी साधा कारकून. सगळे मिळून त्याला वाकवायला बघायचे, तो वाकायचा नाही आणि त्याची मुलं दाराआडून बघत मोठी व्हायची. एक मला अजून आठवते. त्यातला बाप धान्याच्या वखारीवर तोलणारा होता. मालक त्याला काट्याच्या पारड्याखाली मेण लावायला सांगतो. बाबा नेमके तिथे थांबले, बोट पानात घातलं आणि चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं.

"तुम्ही त्याच्या घरात असता तर काय केलं असतंत?"

"मी आधी जेवून घेतलं असतं," मी म्हणाले. आई फसकन हसली.

दादा माझ्याहून मोठा. हातातलं केळं तसंच धरून तो विचार करत राहिला. मग म्हणाला, "मी बाबांबरोबर काट्याजवळ जाऊन उभा राहिलो असतो."

बाबांनी पान उलटलं. पण त्यांचा चेहरा असा फुलला, की मला दादाचा हेवा वाटला. आता वाटतं, दादाच्या त्या उत्तरावर आई रडली असती तरी चाललं असतं.

आईचं कादंबऱ्यांशी पटायचं नाही. "गोष्टींनी पोट भरत असतं तर मी चूल कशाला पेटवली असती?" असं ती येता-जाता म्हणायची. तरी तोलणाऱ्याची नोकरी गेली त्या दुपारी तिचे हात थांबले होते. त्या कादंबऱ्यांचा शेवट मात्र चांगला व्हायचा. बाप थकायचा, गरीब व्हायचा, क्वचित मरायचासुद्धा, पण शेवटच्या प्रकरणात सगळं गाव त्याच्यासमोर मान खाली घालायचं. मुलं त्याच्या पायाशी बसलेली असायची आणि पुस्तक संपायचं. पुढे त्या मुलांचं काय झालं? ती कुठे कामाला लागली, त्यांची लग्नं झाली का, बापाचं ते ओझं घेऊन ती कशी चालली? हे कुणी लिहिलेलं मी वाचलं नाही. लिहायला पाहिजे होतं.

मग नव्वदनंतरची ती वर्षं आली. रुळांच्या पलीकडे इमारती उगवायला लागल्या. माणसं आली, गॅलऱ्यांत कपडे वाळायला लागले, पण नळाला पाणी नव्हतं. तेव्हा आमच्या गावांच्या चिंचोळ्या रस्त्यांवर टँकर दिसू लागले. वाडीवाडीत मोटारी बसल्या. पाणी उपसायचं आणि इमारतींना पोचवायचं. आमच्याकडे आला तो दिनू. हा बाबांचाच विद्यार्थी, मिठागराकडच्या गावातला. तिसरीत बाबांनी त्याला पाढे शिकवले होते. आता त्याचे स्वतःचे टँकर होते. तो आला, बाबांच्या पाया पडला आणि ओटीवर न बसता खाली पायरीवर बसला.

"गुरुजी, बावखलात पानी नुसतं पडून हाय," तो म्हणाला. "तिकडं बिल्डिंगीतली मानसं बादलीबादलीला तरसतात. तुमी याला धंदा म्हनू नका. सेवा म्हना."

"सेवाच असेल तर फुकट ने," बाबा म्हणाले. "हंड्याने ने, कळशीने ने, माझी ना नाही. तहानेला पाणी द्यायचं असतं, दिनू. विकायचं नसतं. आणि मोटार लागली की जमीन रिकामी होते. मग पोकळीत समुद्र शिरतो. भूगोल मीच शिकवला ना तुला?"

"शिकवलात, गुरुजी. पन भूगोलात टँकर नवता."

बाबा मोठ्याने हसले. दिनूही हसला, आईच्या हातचा चहा पिऊन गेला. पुढे दर दिवाळीला तो फराळ घेऊन यायचा आणि जाताना बावखलाकडे एकदा बघून जायचा. गावात मात्र चेष्टा सुरू झाली. तळं राखील तो पाणी चाखील म्हणतात, आणि आमचे गुरुजी नुसतंच राखत बसलेत, असं कट्ट्यावर बोललं जायचं. बाबा ऐकायचे आणि पुढे जायचे.

हद्दीच्या रेषेपलीकडची वाडी इनासकाकांची. त्यांनी पुष्कळ दिवस मोटार लावली नाही ती केवळ बाबांकडे बघून. मग त्यांचंही घर अडलं आणि एक दिवस मोटार सुरू झाली. ते स्वतः सांगायला आले आणि फाटकापाशीच थांबले. बाबा त्यांना हाताला धरून आत घेऊन आले. त्या दोघांमध्ये काय बोलणं झालं ते आम्हाला कळलं नाही. पण जमिनीवर रेष ओढता येते, जमिनीखालच्या पाण्यात ओढता येत नाही. काकांची मोटार दुपारभर घरघरायची आणि आमच्या बावखलाची एकेक पायरी उघडी पडत जायची.

माझं लग्न होऊन मी माणिकपूरला आले तेव्हा आमच्या इमारतीलाही टँकरच यायचा. मी रांगेत उभी राहून पाणी भरायची. कुणाच्या वाडीतलं होतं देव जाणे. बाबा एकदा माझ्याकडे आले, ते पाणी प्यायले, पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "तहानेला लाज नसते, बये. तू भर पाणी." माझ्यापुरतं त्यांनी सोडवून टाकलं. दादाला मात्र कुणी सोडवलं नाही.

दादाने शेती निवडली होती. बारावीनंतर त्याला नोकरी मिळत होती, पण वाडी सोडवेना. राजेळीचं काम त्याच्या हातात बसलं होतं. केळ्यांचा लोंगर कधी उतरवायचा, पिकत किती ठेवायचा, मांडवावरचं सुकेळं कधी फिरवायचं, हे तो नुसतं दाबून सांगायचा. पापडी गावची मुलगी सांगून आली. आमची वहिनी धीट, कामाला वाघीण, बोलायला स्पष्ट. त्यांना मुलगी झाली. आणि त्याच सुमारास केळींच्या पानांच्या कडा करपायला लागल्या. आधी दोन-चार झाडांच्या, मग रांगेच्या रांगेच्या. पाणी चाखलं तर जिभेला अजून धड कळत नव्हतं, पण केळीला कळलं होतं. समुद्र आत आला होता.

मला जो हंगाम आठवतो आणि जो मी विसरू पाहते, तो त्याच्या पुढचा. त्या वर्षी बाबांच्या अंगावरून वारं गेलं होतं. डावी बाजू लुळी पडली होती, बोलणं मात्र शाबूत. त्यांची खाट ओटीवर आणली होती, म्हणजे त्यांना अंगण दिसावं. मी पोरांना घरी ठेवून अधूनमधून राहायला जायची. दादाने हट्टाने मांडव घातला. जी काही केळी हाताला लागली ती पिकवली, सोलली, पसरली. केळी बारीक, बोटभर. मांडव निम्मा रिकामा. ऊन तेच, वारा तोच, कावळेही तेच, पण सुकेळ्यांना रंगच चढेना. मध पाझरायच्या जागी ती आक्रसत गेली, काळी पडली, चामड्यासारखी झाली. दादा रोज सकाळी ती पसरायचा आणि रोज संध्याकाळी भरायचा. मी म्हटलं, "फेकून दे ना रे." तो म्हणाला, "बाबा बघतायत." बाबांना लांबून नुसती ओळ दिसत होती. रंग दिसत नसेल, अशी त्याची समजूत होती. बाबांना रंग दिसत होता. त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "यंदा बिघडली. त्याला सांगू नकोस मला कळलंय म्हणून." असे ते दोघं एकमेकांपासून लपवत बसले होते आणि मध्ये मी.

वहिनीचा बांध त्याच महिन्यात फुटला. बावखलाचं आता खारट लागत होतं, म्हणून प्यायचं पाणी ती शाळेच्या विहिरीवरून आणत होती. आमच्या वाडीत बावखल आणि घरच्या सुनेच्या डोक्यावर हंडा. एका दुपारी तिने हंडा ओटीवर ठेवला आणि बाबांसमोरच दादाला म्हणाली, "गाव सगळा मोटारी लावून बसलाय. आपण नाही लावली म्हणून पाणी राहिलं का? केळी राहिली का? मग हे सगळं कुणासाठी चाललंय, तेवढं मला सांगा. या पोरीला मी काय तत्त्वं खायला घालू?"

दादाने हंडा उचलून आत नेला. तिचं काही चुकत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती मुलीला घेऊन पापडीला गेली. भांडली नाही, बाबांच्या पाया पडून गेली. दादा त्यांना रस्त्यापर्यंत सोडून आला आणि पुन्हा मांडवापाशी जाऊन उभा राहिला.

त्याच आठवड्यात दिनू बाबांना बघायला आला. जाताना चाचरत म्हणाला, "गुरुजी, पिन्याला नसलं तरी वापरायला चालंल अजून. नायतर एक-दोन पावसाळ्यांत कोनाच्याच कामाचं रानार नाय. हेमंतदादाचं तरी काईतरी होईल." बाबांनी डोळे मिटून घेतले. दिनू फाटकाबाहेर पडला. मग त्यांनी हाक मारली.

"हेमंत, इकडे ये."

दादा आला. हात चिकट होते म्हणून ते अंगापासून लांब धरून उभा राहिला.

"दिनूला निरोप दे. मोटार लावू दे त्याला."

मी ओटीच्या टोकाला होते. मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. दादाने मात्र बरोबर ऐकलं होतं. तो म्हणाला, "नाही, बाबा."

"मी सांगतोय."

"तुम्ही सांगितलं म्हणून थांबलो असतो, तर तुम्ही सांगितलं म्हणून सुरूही केलं असतं."

तो रागाने बोलला नाही. उलट, आजारी माणसाला औषधाची वेळ सांगावी इतक्या हळू बोलला. बाबांनी उजवा हात उचलला, काहीतरी समजावण्यासाठी वर्गात उचलायचे तसा. म्हणाले, "अरे, सुनबाई गेली. पोर गेली. वाडी जातेय. आता कुणाचं भलं होणारेय यात?" दादा म्हणाला, "कुणाचंच नाही, बहुतेक." मग म्हणाला, "पण मला नाही जमणार ते." एवढं बोलून तो हात धुवायला गेला. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणतात. इथे आडात होतं ते सगळंच्या सगळं पोहऱ्यात आलं होतं.

संध्याकाळी मी बाबांना पेज भरवत होते. दोन चमचे घेतल्यावर त्यांनी तोंड फिरवलं. डोळ्यांतून पाणी कानापर्यंत गेलं होतं आणि चालत्या हाताला ते पुसायचंही सुचत नव्हतं. म्हणाले, "मी नुसत्या गोष्टी वाचत होतो गं. कामात तुमचं मन रमावं म्हणून. हा ऐकत होता."

मी त्यांचं तोंड पुसलं. कादंबरीतल्या बापाला मुलगा आपल्यासारखा निघाला याचा अभिमान वाटतो. माझ्या बाबांनाही वाटलाच असणार. पण त्या संध्याकाळी खाटेवर जो माणूस रडत होता त्याला आपला मुलगा सुखी हवा होता, आणि ते आता बापाच्या हातात उरलं नव्हतं.

आज दादा पूर्वेकडच्या एका कारखान्यात पाळीवर जातो. वहिनी परत आली आणि राहिली. तिने ते कसं पचवलं ते मी कधी विचारलं नाही. वाडीत नारळ तग धरून आहेत, केळ एकही नाही. दादा कुरकुरत नाही. मी चिडले तर तो हसून विषय बदलतो. त्याने एकदा तरी बाबांना दोष द्यावा, असं मला फार वाटतं. मग मीही देईन आणि मोकळी होईन. तो देत नाही, आणि मग मलाही देता येत नाही.

बाबा त्याच हंगामानंतरच्या फाल्गुनात गेले. मांडव तेव्हा उतरवलेला होता. तेराव्याला अख्खं गाव येणार, शाळेची तीन पिढ्यांची मुलं येणार, आणि घरात पाजायला पाणी नाही. बावखलाचं तोवर कुणाच्या तोंडी देण्यासारखं राहिलंच नव्हतं. बाबा गेल्याचं कळताच परत आलेली वहिनी आणि मी सकाळपासून हंड्यांचा हिशेब जुळवत होतो आणि तो जुळत नव्हता. तेवढ्यात फाटकाशी टँकर येऊन थांबला. आमच्या दाराशी कधी न आलेला टँकर. आईने पदर तोंडाशी धरला. सगळे दादाकडे बघायला लागले.

दिनू उडी मारून खाली उतरला. दादासारखेच त्याच्याही डोक्यावरचे केस उतरवलेले होते. म्हणाला, "हेमंतदादा, हे इकायचं नाय. गुरुजींच्या मानसांना पिन्यासाठी आनलंय. तू नको म्हनलास तर घेऊन जातो परत."

दादाने क्षणभर टँकरकडे पाहिलं. मग तो आत गेला आणि पिंप घेऊन आला. पाइप त्याने स्वतः धरला. पिंपं भरली, हंडे भरले, पाहुण्यांना पेले फिरले. उन्हातून आलेल्या म्हाताऱ्यांना त्याने हाताने पाजलं. सगळ्यांचं झालं तेव्हा वहिनीने एक पेला भरला आणि त्याच्यापुढे धरला. तो नको म्हणेल, असं मला वाटलं. त्याने घेतला. एक घोट घेतला, थांबला, आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "गोडं आहे गं." मग तो पेला हातात धरूनच पायरीवर बसला आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदा रडला.